खाणीवर कोणी राहत नाही

तेहतीस वर्षं मी ग्रामसेवक होतो. खोटं बोलणारी माणसं म्हणाल तर ढिगानं पाहिली. त्यांत सरपंच होते, ठेकेदार होते, माझे वरिष्ठ होते, आणि वेळ पडली तेव्हा मीही होतो. पण बायजाबाई हिलमची सर कोणाला आली नाही. जंगल खात्याच्या साहेबांची जीप खाणीवर येऊन थांबली की ही बाई पदर खोचून पुढे यायची, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघायची आणि म्हणायची, "सायेब, आमी खालच्या उंबरशेतची. कामापुरती वर येतो. इथं कोनी ऱ्हात नाय." आणि तिच्या पाठीमागं दोनशे पावलांवर, झाडीतल्या जुन्या खड्ड्यात, अख्खी वाडी पोराबाळांच्या तोंडांवर हात ठेवून बसलेली असायची.

ही वाडी रोह्याच्या वरच्या अंगाला, जंगलात. सरकारी कागदावर तिला नाव नाही. लोक खाणवाडी म्हणतात. बावीस घरं, सगळी कातकऱ्यांची. एकाहत्तर-बहात्तरच्या सुमारास तिथं बॉक्साइटची खाण सुरू झाली तेव्हा बायजा दहा-अकरा वर्षांची होती. तिचे आईबाप त्याआधी पेणच्या खाडीकडे मिठागरावर राबत होते. एका मोठ्या भरतीत बांध फुटला, मिठागर गेलं, आणि हैबतराव नावाचा मुकादम त्या चिखलात उभ्या राहिलेल्या पाच-सहा कुटुंबांना ट्रकात घालून डोंगरावर घेऊन आला. पुरुषांनी सुरुंगाची भोकं पाडायची, बायकांनी दगड फोडायचा, घमेल्यानं ट्रक भरायचे. बायजा बाराव्या वर्षी घमेलं उचलायला लागली. "लाल धुळीनं केस तांबडे झाले ते परत काळे झालेच नाय, डायरेक पांढरे झाले," असं ती सांगते आणि स्वतःच हसते.

अडचण एकच होती. जमीन जंगलाची. कंपनीला तिथं खणायची परवानगी होती, माणसं वसवायची नव्हती. आता दोन तासांचा डोंगर रोज चढून कोणता मजूर सातच्या ठोक्याला कामावर हजर होईल? माणसं वरच राहिली पाहिजेत आणि वर राहत नाहीत असं दिसलंही पाहिजे. हैबतरावांनी त्यावर तोडगा काढला. डोक्यानं हुशार माणूस, मानलं पाहिजे. तपासणीची जीप येताना दिसली की ट्रकवाल्यानं दुसऱ्या वळणावर तीनदा हॉर्न मारायचा. मग वाडीला अर्धा तास मिळायचा. घरं कारवीच्या कुडाची. कुडाच्या भिंती सोडवून, आडव्या रचून वर ताडपत्री टाकायची, म्हणजे तोडलेल्या लाकडाचा ढीग वाटावा. चुलीवर पाला. शेळ्या ओढ्यात. म्हातारी माणसं आणि पोरं जुन्या खड्ड्यात. कोणी काय करायचं हे ठरलेलं. वाडीत नवी सून आली की पाणी कुठून आणायचं हे नंतर सांगत, आधी हे शिकवत.

आणि साहेबांशी बोलायचं काम बायजाचं. वयाच्या विसाव्या वर्षापासून. पुरुषांची जीभ साहेब पाहिला की टाळ्याला चिकटायची, हिची सुटायची. साहेब अर्ध्या घंट्याच्या वर कधी थांबला नाही, हा तिचा अभिमान. आपल्या लग्नाची गोष्ट तिनं मला कधी सांगितली नाही, पण कोणत्या साली कोणत्या साहेबाला कसा परत लावला हे ती तासभर सांगू शकते.

मी एकोणनव्वद साली उंबरशेतला रुजू झालो. वाडीतल्या कोणाकडे मूल जन्मलं की बाप खाली येऊन नोंद करायचा. मी विचारायचो, "राहणार कुठले?" तो म्हणायचा, "उंबरशेत." मी लिहायचो. उंबरशेतमध्ये तुझं घर कुठलं, असं मी एकदाही विचारलं नाही. विचारलं नाही, कारण मला ठाऊक होतं. रेशनकार्ड खालचं, मतदारयादी खालची, जन्म खाली, मरण खाली. सगळ्यांना सोयीचं होतं आणि मलाही.

अठ्ठ्याण्णवला खाण बंद पडली. कंपनीनं यंत्रं नेली, पत्रे नेले, वजनकाट्याची लोखंडी पट्टीसुद्धा उचकटून नेली. हैबतराव आपल्या गावी गेले आणि दोन वर्षांत वारले. माणसांना मात्र कोणी काही विचारलं नाही, कारण कागदावर तिथं माणसं नव्हतीच. ती राहिली. जाणार कुठे? आईबाप तिथंच पुरलेले. पावसाळ्यात उतारावर नाचणी-वरी, उन्हाळ्यात वीटभट्टी, एरवी जंगलातलं मिळेल ते आणि रोह्याला कंपनीत शिफ्ट. हॉर्न मारणारे ट्रक गेले, पण वळणावर धुरळा दिसला की लपायची सवय गेली नाही.

मग वनहक्काचा कायदा आला. जंगलात राहणाऱ्या आदिवासीला त्याची जमीन त्याच्या नावानं मिळेल. फक्त एक करायचं, तेरा डिसेंबर दोन हजार पाचच्या आधीपासून आपण तिथं राहतो हे दाखवायचं. आता आली का पंचाईत? ज्या माणसांनी तीस वर्षं जीव तोडून 'आम्ही इथं राहत नाही' हे सिद्ध केलं, त्यांनी आता राहतो म्हणून पुरावा आणायचा. दोन वेळा दावा परत आला.

गेल्या वर्षी तिसऱ्यांदा दावा लागला तेव्हा नितेश मला शोधत पेणला आला. नितेश हा वाडीतला पस्तिशीचा माणूस, टेम्पो चालवतो आणि वनहक्क समितीचा सचिव आहे. निवृत्तीनंतर मी चुलतभावाच्या गणपतीच्या कारखान्यात बसतो, म्हणजे कामगारांच्या कामात नाक खुपसतो. न रंगवलेल्या मूर्तींच्या फळीवर त्यानं एक झेरॉक्स ठेवली.

"भाऊसाहेब, दाव्याचं बघणाऱ्या साहेबांनी हा काढलाय. ह्याच्यावरून दावा फेटाळतील. ह्या वेळी फेटाळला तर बावीसही घरं खाली करायची, असं तोंडी सांगितलंय."

पंचनामा होता. फेब्रुवारी दोन हजार चार, बंद खाणीची जागा जंगल खात्यानं तपासली तेव्हाचा. 'सदर खाणीच्या जागेत व सभोवताली कोणतीही मानवी वस्ती आढळून आली नाही.' खाली बायजाबाईचा अंगठा. त्याच्या खाली, पंच म्हणून, माझी सही.

सही ओळखायला मला वेळ लागला नाही. ऐन उमेदीतली, लफ्फेदार.

तो दिवसही आठवला. जीप सकाळी दहाला वर गेली होती. पाल्याखाली मला राख दिसली होती, आणि फांदीवर ओलं फडकं. मी काही बोललो नाही. साहेब नवीन होते, त्यांना खाणीचा मोठा खड्डा सगळा साखळीनं मोजायचा होता. बायजाबाईनं नेहमीची कैफियत मांडली, अंगठा दिला. दुपार झाली. उन्हात कुठं खाली जाता, इथं जांभळीखाली गारवा आहे, डबे उघडू आणि जेवूनच निघू, असं कोणीतरी म्हणालं. कोणीतरी म्हणजे मीच. जेवण झालं, साहेबांनी डुलकी काढली, राहिलेलं मोजमाप झालं, आणि आम्ही निघालो तेव्हा ऊन कलून गेलं होतं.

नितेशला मी म्हणालो, "कायद्यात म्हाताऱ्या माणसांचा जबाब चालतो. जुन्या विहिरी चालतात, थडगी चालतात. चल, मी येतो वर."

वर गेलो ती मार्च महिन्यातली सकाळ होती. बायजाबाई आता पासष्टीला आली आहे, पण डोंगर माझ्यापेक्षा बरा चढते. मला धाप लागलेली बघून म्हणाली, "भाऊसायेब, पेणचा गणपती झालाव तुमी. उचलून आनायला पायजे." मग आम्हाला घेऊन ती माल भरायच्या जुन्या धक्क्यामागे गेली. कातकरी पुरतात, जाळत नाहीत. तिथं एकेक जांभा दगड उभा करून ठेवलेला. कशावर अक्षर नाही. ती दगडाला हात लावायची आणि सांगायची: हा माझा बाप, खाण चालू असतानाचा. हा माझा मालक, खाण बंद पडल्यावर दुसऱ्या वर्षी, ताप आला. ही जनूची आई. नितेश फोनवर जागेची खूण करत होता, मी वहीत लिहीत होतो. एकोणतीस दगड झाले.

कडेला एक लहान दगड होता, वीतभर. तिथं ती थांबली नाही, पुढे गेली.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

नितेशनं मान फिरवली. त्याला ठाऊक होतं. वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त मलाच नव्हतं.

बायजाबाई धक्क्याच्या कठड्यावर बसली. मग म्हणाली, "तुमी सही केली ना, त्या दिवसाचा हाय."

तिनं सांगितलं ते असं. मुलगी अनिता बाळंतपणाला तिच्याकडे आली होती, नवरा वीटभट्टीवर. मुलगी झाली. आठवा दिवस. आदल्या रात्रीपासून बाळाला ताप होता आणि ते दूध ओढत नव्हतं. सकाळी रोह्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, झोळी बांधून तयार होती. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, वळणावर धुरळा. खाली जायला वाट एकच, आणि त्या वाटेनं आमची जीप येत होती. अनिता म्हणाली, आई, मी जाते, बघितलं तर बघू दे. बायजाबाईनं तिचा हात धरून तिला खड्ड्याकडे लोटलं. "अर्ध्या घंट्याचं काम हाय गो. सायेब गेला की जाऊ." तिला खात्री होती. साहेब अर्ध्या घंट्याच्या वर कधी थांबलाच नव्हता.

"आनि तुमी जेवाया बसलाव," ती म्हणाली. रागानं नाही, जसं घडलं तसं.

मी वही मिटली. मला कोणी काही बोललं नाही, आणि कोणी बोललं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवशी डब्यात काय होतं तेसुद्धा मला आठवत होतं. वाटाण्याची उसळ. दुपारी तिच्याकडे पाणी मागितलं तेव्हा तिनं कळशी आणून दिली होती, आणि ओतताना निम्मं पाणी जमिनीवर सांडलं होतं, हे मला आता आठवलं. तेव्हा मला वाटलं होतं, साहेबाला भ्यायली.

मी शुद्धीवर आल्यासारखा बोलू लागलो, कारण कागदाचं डोकं माझं कधी थांबत नाही. म्हणालो, "बाई, हे साहेबांना सांगा. पंचनाम्याच्या दिवशीच वाडीत बाळंतीण होती, बाळ गेलं, ते इथं पुरलंय. याच्यापुढे तो कागद टिकत नाही."

"नाय सांगनार."

"बावीस घरांचा प्रश्न आहे."

"पोर माझी नाय, भाऊसायेब. अनिताची हाय. तिला इचारल्याबिगर मी सांगायची नाय. एकदा तिला न इचारता बोलले, तेवढं बास झालं."

अनिता त्या वर्षीच डोंगर उतरली होती ती परत राहायला आली नाही. नवऱ्याबरोबर फार दिवस टिकलं नाही. कोलाडला हायवेवरच्या एका हॉटेलात ती भाकऱ्या करते. वर्षातून एखाद्या वेळी वाडीत येते, दगडाशी बसते आणि आईच्या घरात पाणीही न पिता परत जाते. वीस वर्षं झाली, मायलेकी बोलत नाहीत.

सुनावणीला चार दिवस होते. मी बायजाबाईला घेऊन कोलाडला गेलो. हॉटेलाच्या मागच्या बाजूला अनिता चुलीपुढे होती, हातात गोळा, समोर तवा. चाळिशीची बाई, आईचे पूर्वी होते तसेच तांबडे केस. आम्हाला पाहून तिनं भाकरी थापायची थांबवली नाही.

बायजाबाई दारातच उभी राहिली. साहेबांपुढे जिची जीभ सुटायची तिला इथं शब्द सापडत नव्हते. शेवटी म्हणाली, "अनिता, चार दिसांनी उंबरशेतला सुनावनी हाय, सायेबाला सांगायला पायजे असं भाऊसायेब म्हनतात. पोरीचं. सांगू का गो?"

अनितानं भाकरी तव्यावर टाकली, वर पाण्याचा हात फिरवला. "तवा कोनाला इचारलं व्हतंस?"

"नाय इचारलं."

"मग आता कशाला इचारतीस?"

भाकरी फुगली, तिनं उतरवली, पुढचा गोळा घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊसायेब, च्या घेऊन जावा." तो पंचनाम्यातला पंच मीच, हे तिला माहीत होतं का, मला कळलं नाही. मी चहा तसाच ठेवून उठलो.

परत येताना एसटीत मी समजूत घातली. म्हटलं, ती नाही म्हणालेली नाही. बायजाबाई खिडकीबाहेर बघत होती. "व्हय पन नाय म्हनली," एवढंच बोलली.

दाव्याचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. फाइल अलिबागला, जिल्ह्याच्या समितीकडे आहे. अजून निकाल नाही. घरं अजून उभी आहेत. मंजूर होईल असं नितेश म्हणतो, आणि मी सरकारी नोकरी केलेली असल्यामुळे काहीच म्हणत नाही. पण ती फाइल अलिबागपर्यंत पोचली, खालच्या खाली फेटाळली गेली नाही, ते त्या दिवशीच्या सुनावणीमुळं.

सुनावणी उंबरशेतच्या ग्रामपंचायतीत होती. माझीच जुनी खोली, फक्त खुर्च्या प्लास्टिकच्या झाल्या आहेत. अख्खी वाडी खाली उतरली होती. आत जागा पुरेना म्हणून निम्मी व्हरांड्यात. साहेब तरुण होते, आवाज चढवणारे नव्हते. त्यांच्या शेजारच्या टेबलावर नितेश जबाब लिहून घ्यायला बसला. मी बाकावर, इतरांसारखा.

साहेबांनी पंचनामा वाचून दाखवला. "हा अंगठा तुमचा?"

"माझा," बायजाबाई म्हणाली.

"इथं लिहिलंय, खाणीवर कोणी राहत नाही. आता तुम्ही म्हणता, पन्नास वर्षं राहतोय. खोटं तेव्हा बोललात की आता बोलताय?"

"तवा."

"कशावरून?"

मला राहवलं नाही. मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, त्या अंगठ्याखालची सही माझी आहे. वस्ती होती. मला दिसत होती. मी खोटी सही केली." तेहतीस वर्षांच्या नोकरीत जे बोलायला हवं होतं ते वीस वर्षं उशिरा बोलून मी मोठा तीर मारल्यासारखा उभा होतो.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे खोटं बोलणारे दोन झाले. यातून मी पुरावा काय धरू, सांगा?"

बरोबर होतं त्यांचं. मी खाली बसलो.

खोलीत सगळे बायजाबाईकडे बघत होते. तिच्याजवळ काय आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं. घर ज्याचं त्याचं जाणार होतं, पोरांची डोकी मांडीवर घेऊन बायका बसल्या होत्या, पण एकानंही तिला 'सांग' म्हटलं नाही. वाडीतल्या त्या माणसांचं मला त्या क्षणी कौतुक वाटलं आणि त्यांचा रागही आला. बायजाबाई हात जोडून म्हणाली, "हाय पुरावा, सायेब. पन मला सांगता येत नाय. जिचं हाय तिनं सांगावं." आणि ती खाली बसू लागली.

"बसू नको. सांग."

आवाज दारातून आला. अनिता व्हरांड्यातल्या माणसांतून वाट काढत उंबऱ्याशी आली होती. हॉटेलातून तशीच निघालेली, कपाळाला पीठ. ती आत आली नाही. "सगळं सांग. सायेबासाठी नको. मला ऐकायचंय."

मग बायजाबाईनं सांगितलं. मला सांगितलं होतं त्याहून कठोर सांगितलं. स्वतःला तिनं कुठंही सोडलं नाही. "माझी लेक म्हनत व्हती, जाऊ दे. मी लोटली तिला खड्ड्यात. मला माझ्या बोलन्याची घमेंड व्हती. वाटलं, सायेबाला परत लावते चुटकीत. पोर खड्ड्यात तापानं फनफनत व्हती आनि मी वर ह्यांना सांगत व्हते, इथं कोनी नाय. मी सायेबाला पानी दिलं, भाऊसायेबांना पानी दिलं, लेकीला खड्ड्यात पानी द्याया जाता येईना, कोनी बघंल म्हनून. जीप गेली तवा धावत गेले. पोर गार झाली व्हती. अनिता तिला सोडंना. मीच काढून घेतली. मीच पुरली."

व्हरांड्यात एक बाई हुंदका देऊन रडली. साहेब हळू आवाजात म्हणाले, "तारीख सांगता येईल?"

"तुमच्या त्या कागदावर हाय तीच."

साहेबांनी पंचनामा पुन्हा उचलला, तारीख बघितली आणि तो उलटा करून ठेवला. नितेशला म्हणाले, "लिहा. तारीख तीच. दफनाची जागा, धक्क्याच्या मागे. उद्या मी स्वतः येऊन बघतो." मग फॉर्मवर नजर टाकत त्यांनी बायजाबाईला विचारलं, "मृताचं नाव?"

"नाव नव्हतं ठेवलं सायेब. आठच दिवसांची व्हती. बारसं बाराव्या दिवशी करनार व्हतो."

"ठेवलं व्हतं," अनिता म्हणाली.

बायजाबाई वळली. "कदी गो? मला नाय ठाव."

"त्याच दिवशी. खड्ड्यात." अनिता आईकडे बघत बोलत होती, वीस वर्षांत पहिल्यांदा. "रडत व्हती ना ती सकाळी. सगळ्या म्हनत व्हत्या, तोंडावर हात ठेव, सायेब ऐकंल. मला हात ठेववंना. म्हनून कानाशी तोंड नेऊन हाक मारत बसले. नाव घेतलं की गप व्हायाची. दुपारपर्यंत घेत व्हते. मग ती आपोआप गप झाली."

"काय नाव?" साहेबांनी विचारलं.

"किमया."

नितेशनं लिहिलं. बायजाबाई जागच्या जागी खाली बसली आणि मोठ्यानं रडू लागली. साहेबांपुढे कधी डोळ्याला पदर न लावलेली बाई, तोंड झाकायचंही तिला सुचलं नाही. दोघी-तिघी तिला धरायला धावल्या.

अनिता तिच्याजवळ गेली नाही. ती आत आली, आईला वळसा घालून नितेशच्या टेबलाशी गेली, आणि अक्षरांवर बोट ठेवून, एकेक अक्षर लावत, नाव बरोबर लिहिलंय का ते तिनं वाचून बघितलं.